मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी चाचणी बनवली, जगाने तिचा शिक्का केला

मुलगा अभ्यासात मागे पडायला लागला की शाळेतून आईवडिलांना बोलावणं येतं. एकदा समुपदेशकाकडे जाऊन आयक्यू काढून घ्या, असं सांगितलं जातं. काही दिवसांनी हातात रिपोर्ट येतो आणि त्यावर एक आकडा असतो. पुढे कितीतरी घरांत पोराकडे त्या आकड्यातूनच बघितलं जातं.

हा आकडा ज्या चाचण्यांमधून येतो, त्यांचं मूळ १९०५ सालच्या पॅरिसमध्ये आहे. पहिली चाचणी बनवणाऱ्या माणसाचं नाव आल्फ्रेड बिने. गंमत म्हणजे बिने यांनी हयातीत एकाही मुलाचा आयक्यू काढला नाही. त्यांना असा आकडा नकोच होता. शाळेत मागे पडलेलं मूल ओळखायचं आणि त्याला मदत करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मग मदतीसाठी बनवलेल्या चाचणीचा शिक्का कसा झाला? हे समजून घ्यायचं तर बिने यांची सगळी वाटचाल बघावी लागते.

वकिली शिकला, डॉक्टरकी सोडली

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ चा, नीस शहरातला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील वेगळे झाले आणि आल्फ्रेड आईकडे वाढला. पुढे शिक्षणासाठी माय-लेक पॅरिसला आले.

१८७८ मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमलं नाही. मग डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला, तोही सोडून दिला. याच काळात तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसायला लागला आणि तिथे मानसशास्त्राची पुस्तकं त्याच्या हाती लागली. या विषयाचं रीतसर शिक्षण त्याने कुठे घेतलं नाही. जे शिकला ते वाचून शिकला.

एक गोष्ट बिने यांनी उतारवयातल्या पुस्तकातही लिहून ठेवली आहे. विद्यार्थी असताना एका परीक्षकाने चिडून त्यांना सुनावलं होतं की, तुझी बुद्धी तत्त्वज्ञानाच्या कामाची कधीच होणार नाही. एखाद्या चुकीवरून मुलाच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल लावायचा, या मास्तरी सवयीचा त्यांना कायम राग राहिला.

पहिलीच मोठी आपटी

१८८३ च्या सुमारास बिने पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात काम करू लागले. तिथले प्रमुख डॉक्टर जाँ-मार्तें शार्को हे त्या काळचं युरोपातलं फार मोठं नाव. संमोहनावरच्या त्यांच्या प्रयोगांना गर्दी व्हायची. सिग्मंड फ्रॉईडसुद्धा काही महिने त्यांच्याकडे शिकायला येऊन गेला होता.

बिने आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी तिथे एक शोध लावल्याचं जाहीर केलं. संमोहित रुग्णाच्या एका हाताला बधिरपणा किंवा लकवा आणायचा आणि मग नुसतं लोहचुंबक फिरवून तो दुसऱ्या हातात सरकवायचा. ऐकायला जादू वाटावी असाच हा प्रकार होता.

बेल्जियमचे संशोधक जोझेफ डेलब्यूफ यांना शंका आली. ते स्वतः पॅरिसला आले आणि प्रयोग बघितले. त्यांच्या लक्षात आलं की रुग्णांसमोरच सगळं बोललं जातंय. आता काय होणार हे रुग्णाला आधीच कळतं आणि तो तसं वागतो. चुंबकाचा यात काही संबंध नव्हता.

बिने यांनी सुरुवातीला जोरदार वाद घातला, पण शेवटी चूक मान्य करावी लागली. जाहीर नाचक्की झाली. १८९० च्या सुमारास त्यांनी सालपेत्रिएर सोडलं.

मात्र एक धडा त्यांच्या डोक्यात कायमचा बसला. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात जे उत्तर असतं ते समोरच्या माणसापर्यंत नकळत पोहोचतं, आणि समोर मूल असेल तर फारच लवकर. याच विषयावर त्यांनी पुढे शाळकरी मुलांवर प्रयोग केले आणि १९०० साली पुस्तक लिहिलं. प्रश्न कसा विचारला यावर मुलाचं उत्तर बदलतं, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. मुलांची साक्ष घेताना आज जी काळजी घेतली जाते, तिच्या मुळाशी हीच समज आहे.

घरातल्या दोन मुली

या सगळ्या काळात बिने घरीही काहीतरी टिपून ठेवत होते. १८८४ मध्ये त्यांचं लग्न लॉर बाल्बियानी यांच्याशी झालं होतं. त्यांना मादलेन आणि आलिस अशा दोन मुली. दोघींमध्ये जेमतेम दोन वर्षांचं अंतर.

मुली चालायला शिकत होत्या तेव्हाची त्यांची निरीक्षणं १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. मादलेन खुर्ची धरून उभी राहायची, पुढचा आधार कुठे आहे ते बघायची आणि मगच गंभीर चेहऱ्याने पाऊल टाकायची. आलिस मात्र हसत, ओरडत सरळ खोलीच्या मधोमध निघायची आणि पडायची. आईबाप तेच, घर तेच, तरी शिकायची तऱ्हा साफ निराळी.

त्यांनी मुलींना मोजणी येण्याआधीच आकड्यांचे खेळही दिले. चकत्यांचे दोन ढीग मांडायचे आणि जास्त कुठे आहेत ते विचारायचं. लहानगी खरी संख्या न बघता कुठल्या ढिगाने जास्त जागा व्यापली आहे ते बघते, हे त्यांना दिसलं. मोठ्या चकत्या कमी असल्या तरी तिला तोच ढीग जास्त वाटायचा. अशाच निरीक्षणांमधून काही दशकांनी स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे जगप्रसिद्ध झाले.

१९०३ मध्ये बिने यांनी मुलींवरचा मोठा अभ्यास पुस्तकरूपात आणला. त्यात मुलींची नावं बदललेली आहेत. एक व्यवहारी आणि नेमकं बोलणारी, दुसरी कल्पनेत रमणारी. दोघीही हुशार, पण यातली जास्त हुशार कोण या प्रश्नाला अर्थच नाही, हे त्यांना घरातच कळलं होतं.

पगार नाही, खुर्ची नाही

१८९१ मध्ये एका रेल्वे स्टेशनवर बिने यांची गाठ सॉरबॉनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख आंरी बोनी यांच्याशी पडली. तुमच्याकडे काम करू द्या, पगार नको, असं बिने यांनी सांगितलं. काही वर्षांतच ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. मधल्या काळात त्यांनी किड्यांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही मिळवली. मानसशास्त्राचं स्वतःचं वार्षिक नियतकालिकही त्यांनीच सुरू केलं.

कामाचा आवाका अफाट होता. तोंडी प्रचंड गणितं सोडवणारे लोक आणि डोळे बांधून बुद्धिबळ खेळणारे खेळाडू यांचा अभ्यास त्यांनी केला. आंद्रे द लॉर्द या नाटककाराबरोबर पॅरिसच्या रंगभूमीसाठी भयनाटकंही लिहिली!

पण फ्रान्समध्ये प्राध्यापकाची खुर्ची त्यांना कधीच मिळाली नाही. १९०२ मध्ये कॉलेज द फ्रान्समधल्या जागेसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, पण ती जागा पिएर जाने यांना मिळाली. बिने प्रयोगशाळेत परतले, आणि हळूहळू त्यांचा जास्त वेळ शाळांमध्ये जायला लागला.

बुद्धी मोजायची म्हणजे काय मोजायचं?

त्या काळी डोकं मोठं तर बुद्धी मोठी असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानायचे. बिने यांनीही शाळाशाळांत जाऊन पोरांची डोकी मोजली. हुशार आणि ढ मुलांच्या डोक्यात फरक निघाला तो अगदी किरकोळ. शिवाय त्यांना स्वतःवरच शंका आली. हे मूल हुशार आहे असं आधी ठाऊक असेल तर हातातली पट्टी नकळत थोडी जास्त दाखवते. चुंबकाच्या वेळी खाल्लेली ठेच इथे कामाला आली. डोकी मोजून बुद्धी कळत नाही, या निष्कर्षावर ते आले.

इकडे फ्रान्सच्या शाळांमध्ये एक नवा पेच उभा राहिला होता. १८८२ च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. आधी जी मुलं शाळेचं तोंडही बघत नव्हती ती आता वर्गात येऊन बसली. त्यातली काही कितीही शिकवलं तरी पुढे सरकेनात.

यातल्या कुणाला वेगळ्या वर्गाची गरज आहे हे ठरवणार कोण? मास्तरवर सोडलं तर तो त्रास देणारं प्रत्येक पोरगं बाहेर काढणार. डॉक्टरवर सोडावं, तर एकाच मुलाला वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगवेगळं निदान मिळत होतं. बिने यांनी अशी प्रमाणपत्रं शेजारी ठेवून बघितली होती.

१९०४ मध्ये सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला आणि त्यात बिने यांना घेतलं. तपासणी केल्याशिवाय कुठल्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढू नये, असं ठरलं. पण तपासायचं कसं, याची रीतच कुणाकडे नव्हती.

३० कामांची यादी

ती रीत बिने आणि त्यांचे तरुण डॉक्टर सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तयार केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ३० कामं. पहिलं काम म्हणजे पेटती काडी डोळ्यांसमोरून फिरवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का ते बघायचं. शेवटी अमूर्त शब्दांमधला फरक सांगायचा. यात पाठांतर नव्हतं आणि वाचता-लिहिता येण्याचीही फारशी गरज नव्हती. गरिबाघरचं शाळा बुडवणारं मूल अडकू नये हा त्यामागचा हेतू.

१९०८ मध्ये त्यांनी ही कामं वयाप्रमाणे लावली. तीन वर्षांच्या मुलाला नाक, डोळे, तोंड दाखवता यावं. पाच वर्षांच्या मुलाला चार नाणी मोजता यावीत आणि चौकोन बघून काढता यावा. त्या वयाच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते त्या वयाचं काम. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांपर्यंतचीच कामं जमली तर त्याची पातळी सहाची, म्हणजे तो दोन वर्षं मागे.

चाचणी घ्यायची तीही वर्गात पेपर वाटून नाही. शांत खोलीत, एका वेळी एकाच मुलाला, आपुलकीने बोलून. मुलाला धीर द्यायचा, पण उत्तर सुचवायचं नाही.

यासोबत बिने यांनी इशारेही दिले होते. बुद्धी ही कापडासारखी गजाने मोजता येत नाही. ही पातळी आजची आहे, उद्याची नाही. मूल मागे का आहे हे चाचणी सांगत नाही. नकोशी मुलं वर्गातून घालवायला मास्तर या चाचणीचा आधार घेतील, ही भीतीही त्यांनी लिहून ठेवली.

परिस्थितीचा परिणामही त्यांना दिसला. ब्रसेल्समध्ये ओविड डेक्रोली यांनी हीच चाचणी खात्यापित्या घरच्या मुलांना दिली, तेव्हा ती मुलं पॅरिसच्या मुलांपेक्षा पुढे निघाली. बिने यांनी ज्यांना तपासलं होतं ती मुलं कष्टकरी वस्तीतली होती. हा फरक घरच्या परिस्थितीमुळे असू शकतो, हे बिने यांनी मान्य केलं.

मागे पडलेल्या मुलाचं पुढे काय?

बिने यांचं खरं काम चाचणीनंतर सुरू व्हायचं. पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या एका शाळेत मुख्याध्यापक व्हानी यांच्या मदतीने त्यांनी १९०५ मध्ये प्रयोगशाळा थाटली होती. तिथे मुलांची उंची, वजन, नजर आणि ऐकणंही तपासलं जायचं. त्यांचं सांगणं साधं होतं. एखाद्या मुलाला ढ म्हणण्याआधी त्याला फळा दिसतो का ते बघा.

मग जी मुलं खरोखर मागे आहेत त्यांच्यासाठी खास वर्ग भरले. पहिले काही दिवस पुस्तक नाही. पुतळा व्हायचा खेळ. इशारा झाला की सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध व्हायचं. सुरुवातीला पोरं हसायची, हलायची. हळूहळू अख्खा वर्ग स्थिर राहायला शिकला. मग काही वस्तू क्षणभर दाखवून झाकायच्या आणि काय काय दिसलं ते लिहायचं. लक्ष कसं द्यायचं, धीर कसा धरायचा, आठवायचं कसं, हे आधी शिकवायचं आणि मग धडे. वाकडं हाड सरळ करणारे डॉक्टर असतात तसा हा मनाचा व्यायाम, असं ते समजावत.

१९०९ मध्ये फ्रान्सने अशा वर्गांसाठी कायदा केला. त्याच वर्षी बिने यांचं मुलांविषयीचं पुस्तक आलं. बुद्धी जन्मतःच ठरते आणि वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांचा त्यांनी त्यात कडक समाचार घेतला. अशा निराशेविरुद्ध उभं राहिलंच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. सराव आणि योग्य पद्धत मिळाली तर मूल आधीपेक्षा जास्त बुद्धिमान होतं, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

१९११ मध्ये त्यांनी चाचणीची आणखी एक सुधारित आवृत्ती काढली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. वय फक्त ५४.

चाचणी अमेरिकेत पोहोचली

बिने गेल्यानंतर वर्षभरातच, १९१२ मध्ये, जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. पुढे अमेरिकेच्या लुईस टर्मन यांनी त्याला १०० ने गुणलं. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय आठ असेल तर आकडा ८०. आयक्यू म्हणजेच बुद्ध्यांक जन्माला आला. टर्मन यांनी १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून चाचणीची अमेरिकी आवृत्ती आणली, आणि तिच्या नावात बिनेही आले. स्टॅनफर्ड-बिने.

तिकडे न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचे हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची चाचणी आधीच इंग्रजीत नेली होती. बुद्धी आईबापांकडून येते आणि बदलत नाही, असं गॉडर्ड मानायचे. म्हणजे बिने यांच्या बरोब्बर उलट. दीर्घ प्रवासाने थकून न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या परदेशी लोकांवर त्यांनी ही चाचणी वापरली आणि त्यातले बहुसंख्य मंदबुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला. या लोकांपैकी कित्येकांना इंग्रजी येत नव्हतं.

सगळ्यात मोठी किंमत मोजली ती गरीब मुलींनी. व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक हिचं मानसिक वय स्टॅनफर्ड-बिने चाचणीवर नऊ निघालं. मंदबुद्धी ठरवून तिची सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये परवानगी दिली. तिची लहान मुलगीही तशीच आहे असं न्यायालयात मांडलं गेलं होतं. ती मुलगी आठव्या वर्षी वारली, पण त्याआधी शाळेच्या गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६० हजारांहून जास्त लोकांची नसबंदी झाली.

गॉडर्ड यांनी १९२८ मध्ये आपली बरीच मतं मागे घेतली. सिमाँ १९६१ पर्यंत जगले. बुद्ध्यांकाचा आकडा म्हणजे आपल्या चाचणीच्या हेतूशी केलेला दगा आहे, असंच त्यांचं मत राहिलं.

चाचणी मराठीतही आली

भारतात ही चाचणी आली तेव्हा फ्रेंच मुलांचे प्रश्न जसेच्या तसे विचारून चालणार नव्हतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी तिची नवी आवृत्ती तयार केली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये आणि भारतीय मुलांची बुद्धी मोजण्यावरचं पुस्तक १९४० मध्ये आलं. ही चाचणी बिने-कामत नावाने ओळखली जाते आणि आजही भारतातल्या अनेक रुग्णालयांत आणि समुपदेशन केंद्रांत वापरली जाते. रिपोर्टवर बीकेटी अशी अक्षरं दिसली तर ती हीच.

तिचा उपयोगही होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळायला, त्यावरून सवलती आणि खास शिक्षण मिळायला बुद्धीची चाचणी लागते. मदतीचं दार उघडायला चाचणी वापरली जाते, तेव्हा ती बिने यांना हव्या त्या कामालाच लागलेली असते.

पॅरिसच्या त्या प्रयोगशाळेचाही पुढे उपयोग झाला. सिमाँ यांच्या सांगण्यावरून पियाजे नावाचा तरुण तिथे मुलांना प्रश्न विचारायला आला. मुलांच्या बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेली उत्तरं त्याला जास्त रंजक वाटली. मूल असं का चुकलं असेल, हे शोधण्यात त्याने आयुष्य घालवलं आणि बालमानसशास्त्राचं चित्रच बदललं.

त्यामुळे मुलाच्या नावाचा रिपोर्ट हातात आला तर आकड्यावर थांबू नका. कुठली कामं त्याला जमली, कुठली नाही, चाचणी त्याच्या भाषेत झाली का, त्याला नीट दिसतं-ऐकू येतं का, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याच्यासाठी काय करायचं, हे समुपदेशकाला जरूर विचारा. बिने यांनीही आधी हेच विचारलं असतं.